रक्तात असतं म्हणे

१

डॉक्टर गणपतराव हरकरे यांचा खून झाला, त्या सकाळी अर्धं नागपूर मारबतीमागे ओरडत होतं.

साल त्र्याहत्तर, पोळ्याचा दुसरा दिवस. बांबूकागदाच्या त्या अक्राळविक्राळ बाया, काळी आणि पिवळी, महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून मिरवत निघाल्या होत्या. वर्षभराची रोगराई, महागाई, सासूवरचा राग, साहेबावरचा राग, सगळं मारबतीच्या बोकांडी बांधायचं, तिला वेशीबाहेर नेऊन जाळायचं आणि हलक्या अंगानं घरी येऊन जेवायचं, अशी इथली रीत. इन्स्पेक्टर आनंदराव गजभिये बंदोबस्तावर होते. दुपारी निरोप आला तेव्हा गर्दीतून जीप काढायलाच त्यांना घाम फुटला.

बेसा रोड तेव्हा शेतांमधून जायचा. एका जुन्या बंगल्यात हरकऱ्यांचं संशोधन केंद्र होतं. माणूस माणसावर हात का उगारतो, या एकाच प्रश्नावर डॉक्टरांनी आयुष्य घातलं होतं. आता ते यंत्राच्या खोलीत पालथे पडले होते, डोकं फुटलेलं, शेजारी लोखंडी स्टँड. खोलीची दैना झाली होती. फडताळं रिकामी करून भिरकावलेली, बाटल्या, नळ्या, बरण्या यांच्या काचांचा फरशीवर सडा.

मधोमध टेबलाला लागून मेंदूचा आलेख काढायचं परदेशी यंत्र होतं, हिरव्या कापडानं झाकलेलं. कापडावरही काचा होत्या. आनंदरावांनी कापडाचं टोक उचललं तशा त्या खळखळत खाली घसरल्या. यंत्रावर ओरखडा नव्हता.

"नशीब," मागून डॉक्टरांचे सहायक ताराचंद पटले म्हणाले. प्रेत त्यांनीच पाहिलं होतं. मारबत बघून दुपारी इथे आलो, असं त्यांनी सांगितलं आणि व्हरांड्याकडे बोट केलं.

खुनी पळाला नव्हता. पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या बांधतात, तशा तिथे बांधलेल्या होत्या, आणि त्या दोन फांद्यांमध्ये पायरीवर केंद्राचा शिपाई रुपराव ढोके बसला होता. तळहात आभाळाकडे करून त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते, ताटात वाढलेलं दुसऱ्याचं उष्टं धरावं तसे. हात मनगटापर्यंत लाल होते.

"मीच मारलं साहेब," तो म्हणाला. "पन कसं मारलं, ते मले आठवून नाही राहिलं."

२

हात धुऊन त्याला ठाण्यात बसवलं. तिशीतला, काटक, बोलायला मऊ. विचारावं तेवढंच सांगत होता आणि प्रत्येक उत्तर स्वतःविरुद्ध देत होता.

त्याचा बाप लहानू कळमेश्वरकडचा. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं आणि त्यानं कुऱ्हाडीनं दोन सख्ख्या भावांना तोडलं. लहानू तुरुंगातच मेला. रुपराव तेव्हा रांगत होता, पण गावानं त्याला बाप विसरू दिला नाही. पोरांनी ढकललं आणि त्यानं उलटून ढकललं, की म्हातारे म्हणायचे, पाहा, लहानू उठला. पुढे त्याला मिरगीचे झटके सुरू झाले. उपचारासाठी नागपुरात आला तो हरकरे डॉक्टरांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याच्या मेंदूचे आलेख काढले, नोकरी दिली, आणि भिंतीवर त्याच्या आलेखाची चौकट लावली. करवतीच्या दातांसारखी शिखरं. शेजारच्या चौकटीत तळ्यावरच्या लहरींसारखा दुसरा एक आलेख, खाली 'सामान्य' असं लिहिलेलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला डॉक्टर त्या दोन चौकटी दाखवत, आणि पाणी आणून देणारा रुपराव ते ऐकत असे.

त्या सकाळचं त्याला तीन तुकड्यांत आठवत होतं. आदल्या संध्याकाळी पळस तोडून दाराला बांधला, कोयता दाराशीच उभा केला, हे लख्ख. मग एकदम स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेला आणि समोर डॉक्टरांचे डोळे. आणि मग पायरी, लाल हात, मागे उघड्या दारातून दिसणारे पालथे डॉक्टर. मधलं सगळं पुसलेलं. झटका आला की असंच होतं, तो म्हणाला, मागचं-पुढचं दोन्ही जातं.

"डॉक्टर काय बोलले, की तू स्टँड उचलला?"

"नाही आठवत साहेब. पन उचलला म्हंजे हानलाच असन नं? माह्या बापानं कधी उचललेलं खाली ठेवलं व्हतं का?"

आनंदराव त्याच्याकडे पाहत राहिले. त्याच्या केसांत ठिकठिकाणी पांढऱ्या लेपाच्या खपल्या वाळून चिकटल्या होत्या. सदऱ्यावर मात्र, ज्यानं कवटी फोडली म्हणतात त्याच्या सदऱ्यावर, एक शिंतोडा नव्हता. तो सारखा तळहात चोळत होता. विचारलं तर म्हणाला, हात आखडून राहिले, कातडं ओढल्यासारखं वाटते.

हवालदार बंगल्यावरून परत आला. त्यानं सांगितलं, दाराशी कोयता नाही. आत नाही, आवारात नाही.

रुपरावला त्याचं काही वाटलं नाही. त्याला एकच निरोप द्यायचा होता. बायको भागीरथा दिवस भरत आलेली होती. तिला सांगा, तो म्हणाला, माहेरी जा. पोराले माहं नाव लावू नको. इथंच संपू दे हे.

३

ताराचंद पटले दुसऱ्या दिवशी बोलले ते शांतपणे, एकेक मुद्दा बोटावर घेत. गोंदियाकडच्या खेड्यातून आलेला हुशार माणूस. डॉक्टरांच्या हाताखाली सहा वर्षं झाली, प्रबंध लिहून तयार, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं बोलावणं हातात. प्रबंधाचा विषय रुपराव.

त्यांनी जे समजावलं त्यानं आनंदराव भारावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाशी, बदामाएवढा एक भाग असतो. मांजराच्या त्या भागात बारीक तार घालून वीज सोडली, तर मांडीवर गुरगुरणारं मांजर पंजा उगारून फिस्कारतं. समोर शत्रू नाही, भूक नाही, कारण नाही. वीज बंद केली की परत मांडीवर. गोऱ्हा बडवून खच्ची केला की गरीब होतो, हे तर शेतकऱ्याला विज्ञानाआधी ठाऊक होतं. माणूस वेगळा कसा असेल? रक्तातले रस, मेंदूतली वीज, आणि बापाकडून आलेलं बियाणं. रुपरावच्या त्या बदामात वादळ होतं. ते कधीतरी फुटणारच होतं.

"म्हणजे त्याचा दोष नाही?" आनंदरावांनी विचारलं.

"पुराचा नदीला दोष देतो का आपण?" ताराचंद म्हणाले. "बांध घालायचा, एवढंच. डॉक्टरांनी घातला नाही."

खोलीतली मोडतोड त्यांच्या मते प्रबंधात छापावी अशी होती. असा झटका आला की समोर येईल ते फुटतं, घावांवर घाव पडतात, माणूस गेल्यावरही हात थांबत नाही. ते स्वतः सकाळभर महालात होते. हजारो लोक होते तिथे, कुणालाही विचारा.

ठाण्याकडे परतताना आनंदरावांना वडील आठवले. देवराव गजभिये एम्प्रेस गिरणीत बदली कामगार होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर सतरा वर्षांच्या आनंदाचा हात घट्ट धरून उभे होते. परतताना एवढंच म्हणाले होते, आपल्या रक्तात काय आहे ते दुसऱ्यांनी लई दिवस सांगितलं, आजपासून ऐकणं बंद. त्या माणसाचा मुलगा आज तेच वाक्य इंग्रजी शिकलेल्या तोंडून ऐकत होता, आणि या वेळी त्या वाक्यामागे मांजर होतं, वीज होती, यंत्र होतं. खोटं म्हणून झटकून टाकावं असं ते नव्हतं.

ठाण्यात सिव्हिल सर्जनचा निरोप थांबला होता. हरकरे पहिल्याच घावात गेले होते. बाकीचे घाव पडले तेव्हा रक्त वाहणं थांबून बराच वेळ झाला होता.

मारणाऱ्यानं मारलं, वाट पाहिली, आणि मग पुन्हा मारलं. हे कसलं वादळ, जे मध्ये विसावा घेतं?

४

प्राध्यापिका गोपिका बोकारे सीताबर्डीला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. हरकऱ्यांशी त्यांचं जाहीर वैर होतं, तरी वाद घालायला केंद्रात त्यांचं जाणं-येणं असे. आदल्याच महिन्यात त्यांनी भर सभेत उठून डॉक्टरांना खाटीक म्हटलं होतं. आनंदरावांनी तिथून सुरुवात केली, तर बाई हसल्या.

"मग मला धरा," त्या म्हणाल्या. "कारण आहे, राग आहे, आणि बाप शाळामास्तर होता. छडीनं मारायचा. तुमचे ताराचंद म्हणतील, आलं बियाणं."

त्या काल विद्यार्थ्यांना घेऊन चौकात उभ्या होत्या, गर्दी अभ्यासायला. पंचवीस पोरं साक्षीला. त्यांचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं. राग आत जन्मतो हे खरं, पण त्याचं काय करायचं हे माणूस बघून शिकतो. अडवलेला माणूस चिडतो. चिडलेल्यानं कुठे मारायचं, कुणाला मारायचं, की मारायचंच नाही, हे घर शिकवतं, गाव शिकवतं. मारबतीला शिव्या देऊन राग निवतो, असं सगळे म्हणतात. त्यांना तीही खात्री नव्हती. कदाचित शिव्या द्यायचीच सवय लागत असेल. त्यांना दरवर्षी अचंबा वाटायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा: एवढा जमाव, एवढं ओरडणं, आणि तरी बाहुलीवरचा हात शेजारच्या माणसावर पडत नाही. ही सीमा कुठल्या बदामात असते, ते हरकऱ्यांनी सांगायला हवं होतं.

"आणि रुपराव?"

बाईंचा आवाज बदलला. "रोज भिंतीवर ती चौकट. रोज पाहुण्यांसमोर तेच वाक्य. त्या माणसाला सहा वर्षं खून शिकवला गेला, इन्स्पेक्टर. कोंबडीच्या पिल्लाला रोज ससाणा म्हणत राहिलात तर ते स्वतःच्या चोचीला भ्यायला लागेल."

आनंदरावांनी केसांतल्या लेपाचं विचारलं. तारा डोक्याला चिकटवायचा लेप तो, त्या म्हणाल्या. त्या वाळल्या खपल्या रुपराव त्याच दिवशी रिठ्यानं धुऊन टाकायचा, त्याला किळस होती. म्हणजे कालच लावलेला. डॉक्टरांनी लावला असेल, आनंदराव म्हणाले. बाईंनी मान हलवली. डॉक्टरांची बोटं जुन्या दुखण्यानं थरथरत. कपातला चहा त्यांना बशीत घ्यावा लागे. यंत्राला ते हात लावत नसत. लेप, तारा, सुया, सगळं ताराचंद. यंत्र म्हणजे ताराचंदचं लेकरू. चहाला उठला तरी कापड घालून उठायचा. बाई त्याला चिडवायच्या, ताराचंद, टोपडं घातलंस का बाळाला?

आनंदरावांना हिरव्या कापडावरून घसरणाऱ्या काचा ऐकू आल्या.

पण हात? रुपरावचे ते लाल हात?

५

ठाण्यात भागीरथा बसली होती. जड पोट सावरत, डबा मांडीवर. नवऱ्यानं डबा परत पाठवला होता आणि निरोप तिच्या कानावर आला होता. ती रडत नव्हती. आनंदरावांनी तिला बाकावर नीट बसवलं.

"बस वं माय. माहेरी जाशीन?"

"काहून जाऊ?" ती म्हणाली. "भाऊ म्हनते चाल. आई म्हनते चाल. पोराले काय सांगू, ते कोनी सांगत नाही. बाप कोन व्हता म्हनून इचारलं त काय सांगू साहेब?"

मग ती आपणहूनच बोलत राहिली. राग त्यांना येतो, ती म्हणाली. आला की स्वतःच्या हाताला धरून घराबाहेर जातात, वावराकडं, नाहीतर नाल्यावर. येतात तेव्हा दमून येतात. तिच्यावर आजवर हात उचलला नव्हता. पोळ्याच्या दिवशी तर खुशीत होते. बाळंतपणाच्या लाडवांत घालायला तिला कमरकस हवा होता, बाजारात भेसळीचा मिळतो. ते म्हणाले होते, केंद्रामागं नाल्यापलीकडं पळस आहेत, झाडाचाच आणून देतो.

आनंदराव उठून उभे राहिले.

कमरकस म्हणजे पळसाचा डिंक. पळसाला जखम झाली की तिथून जो रस येतो तो लाल असतो, ताज्या रक्तासारखा, आणि वाळला की काळपट, वाळल्या रक्तासारखा. लहानपणी पोट बिघडलं की आई तो पाण्यात उगाळून द्यायची. इतका तुरट, की जीभ आखडायची.

हात आखडून राहिले साहेब, तो म्हणाला होता. रक्तानं हात आखडत नाहीत.

खून बंगल्यात झाला, म्हणून शोध बंगल्यात झाला होता. नाल्यापलीकडे कुणी गेलंच नव्हतं. आनंदराव हवालदाराला घेऊन चिखल तुडवत गेले. पळसांची एक राई होती, आणि तिच्या तोंडाशीच एक जुनं, जाड खोड.

हवालदारानं नकळत टोपी काढली.

छातीच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत ते खोड फोडून काढलेलं होतं. घावावर घाव, आडवे, तिरपे, एकमेकांत घुसलेले, सालीच्या चिंध्या लोंबत होत्या. प्रत्येक जखमेतून लाल धार निघून वाळली होती, काही ठिकाणी थेंब माणकासारखे टांगलेले. खाली गवत लोळवलेलं, कुणीतरी आचके देऊन पडल्यासारखं. आणि सगळ्यांत खोल घावात, मुठीपर्यंत पातं रुतलेला, कोयता.

आनंदरावांनी एक खडा जिभेवर ठेवला. तुरट.

जो पूर येणार म्हणून सहा वर्षं भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तो आला होता. तो इथे आला होता. दाराशी धारदार कोयता उभा, आत नि:शस्त्र म्हातारा, आणि हा माणूस कोयता घेऊन मागे वळला नाही. नाला ओलांडून झाडाकडे आला. आनंदरावांनी पोलिसी नोकरीत बरीच प्रेतं पाहिली होती. न झालेल्या खुनाची जागा ते पहिल्यांदा पाहत होते. देवळात बोलतात तसं त्यांनी हवालदाराला हळूच सांगितलं, इथे पहारा लाव.

६

ताराचंदांना त्यांनी यंत्राच्या खोलीत बोलावलं. गोपिकाबाईंनाही. काचा तशाच होत्या.

आनंदरावांनी आवाज चढवला नाही. रुपरावच्या केसांत लेप होता, म्हणजे त्या सकाळी यंत्र चालू होतं, ते म्हणाले. यंत्र चालू, म्हणजे ते उघडं. डॉक्टरांची बोटं थरथरत, म्हणजे लेप दुसऱ्या कुणी लावला. मग ते हिरव्या कापडाला हात लावून म्हणाले, काचा कापडावर होत्या, खाली एकही नव्हती. म्हणजे आधी कुणीतरी यंत्र झाकलं आणि मग खोली फोडली.

"राग जवळचं फोडतो, पटलेसाहेब. हे टेबलाला लागून आहे. खोलीतलं सगळं फुटलं, पण सगळ्यांत जवळचं आणि सगळ्यांत महागाचं तेवढं वाचलं. मिरगीच्या झटक्यात माणूस यंत्रावर पांघरूण घालत नाही. ते सवयीचा हात घालतो."

मग त्यांनी झाडाचं सांगितलं. बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिची घुंगरं ऐकू आली आणि दूर गेली.

ताराचंद खुर्चीवर बसले. हात लपवले नाहीत, पळायला बघितलं नाही. बोलले तेव्हा दुसऱ्या कुणाचा अहवाल वाचावा तसे.

प्रयोग डॉक्टरांचा होता. तारा लावलेल्या असताना रुपराव चिडला तर आलेख कसा येतो, ते त्यांना हवं होतं. चिडवायला त्यांनी नेमकं वाक्य निवडलं: तुझ्या बायकोच्या पोटात आहे तोही लहानूच आहे, तो जन्मूच नये. सुया कागदावर थयथयल्या. अशी शिखरं ताराचंदांनी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती. रुपरावनं तारा उपटल्या, स्टँड उचलला, डॉक्टरांच्या डोक्यावर नेला. आणि तिथेच धरला. मग त्यानं स्टँड खाली ठेवला, हळूच, आवाज न होता, आणि बाहेर गेला.

"डॉक्टर रडत होते," ताराचंद म्हणाले. "घाबरून नाही. मला म्हणाले, थांबला, ताराचंद. पाहिलंस? एवढ्या वादळात थांबला. कोण थांबलं तिथे? कशानं थांबलं? आपण सहा वर्षं चुकीचा प्रश्न विचारला रे. देव दिसल्यासारखे दिसत होते ते. म्हणाले, उद्या जाहीर करतो, माझं म्हणणं मागे घेतो. तुझा प्रबंधही थांबव, नव्यानं लिहू."

"आणि तुम्हाला राग आला," गोपिकाबाई म्हणाल्या.

ताराचंदांनी आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं, जीभ दातांमागे दाबून.

"नाही," ते म्हणाले. "राग नव्हता. मी हिशेब केला."

एकाच घावात डॉक्टर गेल्यावर त्यांनी सुयांखालचा कागद जाळला, यंत्रावर कापड घातलं, आणि प्रबंधात लिहिलं होतं तसं दृश्य उभं केलं. घावांवर घाव, समोर येईल ते फोडलेलं. फक्त त्यांच्या हाताला यंत्र फोडवलं नाही.

हवालदार त्यांना नेत असताना गोपिकाबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. करवतीच्या दातांची चौकट पडून फुटली होती. दुसरी, तळ्यावरच्या लहरींची, जागेवर होती.

"हा सामान्य मेंदू कुणाचा, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या. "तुलनेला कुणीतरी लागतंच. ताराचंदचा."

आनंदराव त्या आलेखाकडे पाहत राहिले. एकसुद्धा शिखर नव्हतं. इतका नितळ, की त्यात चेहरा दिसावा. मांजराचा बदाम खरा होता, गावाची शिकवण खरी होती, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, ज्याला अजून कुणी नाव दिलं नव्हतं असं काहीतरी, एकाच सकाळी एकाच खोलीत एका माणसाला सापडलं होतं आणि दुसऱ्याला नाही.

७

रुपरावला विश्वास बसेना. साहेब दयेपोटी सांगताहेत असं त्याला वाटलं. तेव्हा आनंदराव त्याला राईत घेऊन गेले. भागीरथाही आली, नाल्यातल्या दगडांवरून पाय जपून टाकत.

तो खोडासमोर उभा राहिला. लहानपणापासून ज्यानं पळस तोडला, पानांच्या पत्रावळी लावल्या, ज्याला हा लाल रस आईच्या दुधाइतका ओळखीचा, त्याला स्वतःच्या तळहातावर तो ओळखता आला नव्हता. त्यानं तिथे तेच पाहिलं होतं, जे पाहायला त्याला शिकवलं होतं. आता त्यानं एका जखमेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"हे मी केलं?"

"हे तू केलं," आनंदराव म्हणाले. "एवढंच केलं."

तो कोयत्याची मूठ धरून ओढू लागला. पातं हललं नाही. हवालदारानं हात लावला, तरी नाही. भागीरथा पुढे आली. पातं किती आत गेलंय ते तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते आनंदरावांनी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं, पण ताराचंदच्या सांगण्यातून ओळखलं.

"इतका जोर व्हता," ती म्हणाली. "इतका जोर व्हता, आन् थांबले तुमी."

रुपराव तिथेच, लोळवलेल्या गवतावर, मटकन बसला आणि रडू लागला.

तिनं त्याला रडू दिलं. पदराचं टोक पसरून ती खोडावरचे वाळलेले लाल खडे नखानं सोडवू लागली. मोठे मोठे निवडून घेतले, बारीक झाडालाच ठेवले. आनंदरावांनी पुराव्याचं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"लाडवाले पुरते," ती म्हणाली, आणि पदराची गाठ मारली.